जटायूच्या घाटात गिधाडे परततील का?

धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर येडशी आहे. गावाला लागूनच बालाघाटाच्या रांगेतली दरी सुरू होते आणि पायऱ्या उतरत गेले की रामलिंगचे मंदिर लागते. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते. पाऊस चांगला झाला तर मंदिराजवळचा धबधबा सुरू असतो, माकडे प्रसादाच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली असतात. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला जटायूने याच घाटात अडवले, जखमी होऊन तो इथेच पडला आणि रामाने त्याला इथेच पाणी पाजले, अशी या परिसराची श्रद्धा आहे. (हीच कथा इगतपुरीजवळच्या टाकेदलाही सांगतात आणि दक्षिणेतही दोन-तीन गावे तिच्यावर हक्क सांगतात. त्यांत निवाडा करण्याचे कारण नाही.) भाविक जटायूपुढे हात जोडतात आणि वर येतात. वर आकाशात घारी असतात, कावळे असतात. पूर्वी सहज दिसणारे गिधाडांचे थवे मात्र नसतात.

येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला आणि राज्यभर बातमी झाली. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत तो पोचला होता. लोकांनी त्याचे नावही ‘रामलिंग’ ठेवून टाकले. वाघ येतो तेव्हा असे होणारच. पण गिधाडे गेली ती एका रात्रीत नव्हे, दहा-बारा वर्षांत गेली, आणि त्याची बातमी कोणी केली नाही. गावाबाहेर टाकलेल्या जनावराभोवती आज आठ-दहाच उतरली, मग चारच, मग एकही नाही, हे ज्यांनी पाहिले त्यांनाही त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो अर्थ लावण्याचे काम प्रामुख्याने ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ अर्थात बीएनएचएस या मुंबईच्या संस्थेने केले. १८८३ मध्ये स्थापन झालेली, डॉ. सालिम अली यांच्या नावाने ओळखली जाणारी ही स्वयंसेवी संस्था गेली पंचवीस वर्षे गिधाडांच्या मागे आहे. तिच्या कामाची कहाणी पक्ष्यांची आहे, तितकीच ती औषधांच्या दुकानाची, गोठ्याची आणि माणसाच्या आरोग्याचीही आहे.

गिधाडाविषयी मराठी माणसाच्या तोंडी एकही चांगला शब्द नाही. टपून बसणे, लचके तोडणे, मढ्यावरचे खाणे, सगळे वाक्प्रचार तिरस्काराचे. प्रत्यक्षात गावगाड्यात गिधाडाइतके उपयोगी रानटी पाखरू दुसरे नव्हते. बैल मेला की गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी ओढून नेत, कातडे काढून घेत आणि उरलेले तसेच टाकत. शे-दीडशे गिधाडे उतरली तर तासाभरात हाडांचा सांगाडा उरे. त्याच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक जिवाणू तिथेच संपतात. कुत्रा तेच मांस खातो तेव्हा रोग पसरवतो, गिधाड खाते तेव्हा रोगाची साखळी बऱ्याच अंशी तुटते. नगरपालिकेला अशी यंत्रणा उभी करायची म्हटली तर वाहने, खड्डे, जळण, माणसे सगळे लागेल. गिधाडे हे काम फुकट करत होती, म्हणून त्याची किंमत कोणी मांडली नाही.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. साडेतीनशेच्या वर भरली. १९९६ मध्ये ते पुन्हा त्याच झाडांखाली फिरले तेव्हा आकडा दीडशेवर आला होता. त्याहून अस्वस्थ करणारे म्हणजे फांद्यांवर लटकलेली, झुडपांत पडलेली मेलेली गिधाडे. काही जिवंत गिधाडे मान खाली टाकून तासन्‌तास बसलेली असत आणि मग केव्हातरी फांदीवरून गळून पडत. अन्नाची तूट नव्हती, मेलेली जनावरे भोवती पडून होती. १९९९ मध्ये त्यांनी ही घसरण संस्थेच्या नियतकालिकात मांडली. पुढच्या काही वर्षांत देशभर रस्त्याने फिरून मोजण्या झाल्या आणि चित्र भरतपूरपुरते नाही हे स्पष्ट झाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या शंभरातून तीन-चारवर आली. पक्ष्यांच्या इतिहासात इतक्या वेगाने एवढा मोठा ऱ्हास क्वचितच नोंदला गेला आहे.

सुरुवातीला सगळ्यांचा संशय विषाणूवर होता. कीटकनाशकेही तपासली गेली. उत्तर शेवटी पाकिस्तानात सापडले. तिथे मेलेल्या गिधाडांची चिरफाड करणाऱ्या डॉ. लिंडसे ओक्स यांच्या गटाला आतल्या अवयवांवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसत होता. तो युरिक आम्लाचा होता. मूत्रपिंडे निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरात हे आम्ल साठते. जंतू सापडेनात, शिसे सापडेना. मग त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: ही गिधाडे जी जनावरे खातात त्यांना कोणती औषधे दिली जातात? यादीत डायक्लोफिनॅक होते. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या गिधाडांमध्ये ते सापडले, तशा न मेलेल्यांमध्ये नाही. जानेवारी २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक म्हणजे घराघरात माहीत असलेले वेदनाशामक. कंबर धरली, गुडघा सुजला की डॉक्टर हेच देतात. नव्वदच्या दशकात ते स्वस्तात बनू लागले आणि गोठ्यातही शिरले. लंगडणारा बैल, ताप आलेली गाय, सुजलेली कास, कशावरही एक इंजेक्शन टोचले की जनावर दुसऱ्या दिवशी चारा खाऊ लागे. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. आजारी बैलाला पेरणीच्या तोंडावर उभे करणारे औषध त्याला देवासारखेच वाटणार.

घोटाळा पुढे होता. औषध देऊनही जनावर दोन-तीन दिवसांत मेले तर त्याच्या मांसात, विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडात, औषधाचा अंश शिल्लक राहतो. माणसाला आणि गुरांना तो पचतो, गिधाडाला पचत नाही. पोटभर खाल्लेले गिधाड काही दिवसांत मरते. आणि गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एकाला भक्ष्य दिसले की त्याची घिरट्यांची खूण पाहून आसपासच्या पन्नास किलोमीटरांतून बाकीची येतात. त्यामुळे एका दूषित जनावरामागे एक नव्हे, अख्खा थवा जाऊ शकतो. अभ्यासकांनी गणित मांडले तेव्हा निघालेले उत्तर चक्रावणारे होते. प्रत्येक शंभर मृत जनावरांमागे एकातसुद्धा प्राणघातक मात्रा असली, किंबहुना त्याहून कमी जनावरांत असली, तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते. बंदीपूर्वी भारतात गोळा केलेल्या नमुन्यांत औषधाचा अंश असलेली जनावरे दर शंभरी दहाच्या आसपास निघाली.

त्यात गिधाडाची स्वतःची चाल संथ. वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास ते पिल्ले घालण्याजोगे होते आणि वर्षाला एकच अंडे घालते. साळुंकी-कावळ्यांसारखी तूट भरून काढणे त्याला जमत नाही.

या सगळ्याचा माणसाशी संबंध काय, हा प्रश्न दोन प्रकारे तपासला गेला आहे. २००८ मध्ये अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांचा हिशेब मांडला. गिधाडे गेल्यावर मेलेल्या जनावरांच्या ढिगांवर कुत्र्यांचे राज्य आले, कुत्री वाढली, चावे वाढले. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे रेबीजचे सुमारे ४८ हजार मृत्यू जास्तीचे झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा त्याहून व्यापक अभ्यास आला. त्यांची पद्धत साधी आणि चतुर आहे. ज्या जिल्ह्यांत गिधाडांना नैसर्गिकदृष्ट्या अनुकूल परिस्थिती होती आणि ज्यांत मुळातच नव्हती, अशा दोन प्रकारच्या जिल्ह्यांतले मृत्यूदर त्यांनी औषध स्वस्त होण्याच्या आधी आणि नंतर ताडून पाहिले. पूर्वी दोन्ही रेषा बरोबरीने चालत होत्या. गिधाडे कोसळल्यावर गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्यूदर चार टक्क्यांहून अधिक वर सरकला. २००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कारणे दोन: कुत्र्यांमुळे रेबीज, आणि ओढ्या-नाल्यांत सडणाऱ्या जनावरांमुळे दूषित झालेले पाणी. हा सांख्यिकी अंदाज आहे, मृत्यूच्या दाखल्यांची मोजदाद नव्हे, हे वाचताना लक्षात ठेवायला हवे. तरीही आकडा निम्मा धरला तरी छाती दडपते.

कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर आरोग्य सदरात एक गोष्ट पुन्हा सांगायलाच हवी. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही.

कारण कळल्यावर बीएनएचएसपुढे दोन कामे होती आणि दोन्ही एकमेकांवर अवलंबून होती. उरलीसुरली गिधाडे सुरक्षित ठेवून त्यांची पैदास करायची आणि तोवर बाहेरचे विष काढायचे. पहिल्या कामासाठी हरयाणातल्या पिंजोर येथे वन विभागाच्या सोबतीने २००१ मध्ये सुरू झालेल्या गिधाड शुश्रूषा केंद्राचे २००४ मध्ये पैदास केंद्र झाले. त्याचे नाव जटायूवरूनच ठेवले आहे. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळजवळ अशीच केंद्रे उभी राहिली. तिथले काम कंटाळवाणे वाटावे इतके चिकाटीचे आहे. गिधाडांना खायला द्यायच्या बकऱ्या आधी काही दिवस केंद्रावर आणून ठेवतात, म्हणजे कोणी औषध टोचले असलेच तर ते शरीरातून निघून जावे. जोडीने घातलेले पहिले अंडे उचलून उबवणी यंत्रात ठेवतात. मग काही जोड्या दुसरे अंडे घालतात आणि वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लांची आशा धरता येते.

दुसरे काम जास्त अवघड निघाले. २००६ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली आणि २००८ मध्ये ती राजपत्रात पक्की झाली. पण माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक चालूच होते आणि ते ३० मिलीच्या मोठ्या कुपीत मिळे. माणसाला एका वेळी ३ मिली पुरते, मग एवढी मोठी कुपी कोणासाठी? उत्तर सगळ्यांना माहीत होते. संस्थेची माणसे गिऱ्हाईक बनून औषधांच्या दुकानांत गेली आणि ‘जनावराला दुखण्यावर काहीतरी द्या’ म्हणाली. २००७ ते २०१० या काळात अशी अकरा राज्यांतली अडीचशेहून अधिक दुकाने तपासली गेली. एक तृतीयांशाहून जास्त दुकानांत बंदी असलेलेच औषध पुढे आले. २०१५ मध्ये मोठ्या कुप्यांवर बंदी येऊन इंजेक्शन ३ मिलीच्या एकमात्रा कुपीत बांधले गेले, त्यामागे असे पुरावे होते. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. दरम्यान अॅसिक्लोफिनॅक हे औषध जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होते आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारते, हे सिद्ध झाले. या दोन्हींच्या पशुवापरावर बंदी यायला जुलै २०२३ उजाडले. त्यानंतर निमेसुलाइडचा नंबर लागला. एका औषधावर बंदी आली की दुसरे बाजारात, ते तपासून बंद करेपर्यंत तिसरे, असा हा पाठशिवणीचा खेळ वीस वर्षे चालू आहे. नवे वेदनाशामक जनावरांसाठी बाजारात आणण्यापूर्वीच ते गिधाडांना सुरक्षित आहे का हे तपासायला लावले असते तर यातली बरीच वर्षे वाचली असती.

महाराष्ट्रात या प्रयत्नांचे प्रत्यक्ष फळ २०२४ मध्ये दिसले. जानेवारीत पिंजोरहून वीस गिधाडे विदर्भात आणली गेली, लांब चोचीची दहा पेंचला आणि पांढऱ्या पाठीची दहा ताडोब्याला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत स्थानिक हवा-पाण्याला सरावल्यावर ऑगस्टमध्ये त्यांना सोडले. पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे होती, त्यामुळे ती कुठे जातात हे पडद्यावर दिसत होते. पेंचचे एक गिधाड थेट नाशिक जिल्ह्यापर्यंत गेले. ताडोब्याचे ‘एन-११’ अनेक राज्ये ओलांडत सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करून तमिळनाडूत पोचले आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेले. औषधांतून वाचले तरी तारा आहेतच. धाराशिवच्या माळावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या आणि उच्चदाबाच्या वाहिन्या ज्या झपाट्याने वाढत आहेत, ते पाहता इथेही हा धोका आहे.

गिधाडाला जिल्ह्याच्या हद्दी कळत नाहीत, हे या प्रवासातून शिकायचे. म्हणूनच बीएनएचएस आणि तिच्या सहकारी संस्था ‘गिधाड सुरक्षित क्षेत्र’ ठरवतात ते वसाहतीभोवती सुमारे शंभर किलोमीटर त्रिज्येचे. येडशी मध्यभागी धरून नकाशावर असे वर्तुळ काढले तर बार्शी, सोलापूर, तुळजापूर, लातूर, अंबाजोगाई, भूम, परंडा सगळे त्यात येते. या वर्तुळातल्या कुठल्याही एका गोठ्यात चुकीचे इंजेक्शन टोचले गेले तर रामलिंगच्या कड्यावर बसलेले गिधाड दुसऱ्या दिवशी तिथे जेवायला जाऊ शकते. बावीस चौरस किलोमीटरच्या अभयारण्याला कितीही चांगले कुंपण घातले तरी त्याचा इथे उपयोग नाही.

आणि हा भाग गुरांचा आहे. भूम-परंड्याकडचा दूध-खव्याचा धंदा, कुंथलगिरीचा पेढा, उस्मानाबादी शेळी, ही जिल्ह्याची ओळख. पाऊस दगा देतो तेव्हा घर चालते ते दुधावर आणि शेळ्यांवर. दुष्काळात चारा छावण्या लागतात, २०२२ मध्ये राज्यभर लम्पी आला, अशा वेळी जनावरे तापाने फणफणतात आणि दारात येईल त्या माणसाकडून, मिळेल ते इंजेक्शन दिले जाते. पदवीधर पशुवैद्य वेळेवर मिळेलच असे नाही. शेतकऱ्याला दोष देऊन इथे काही साधणार नाही. त्याला आजारी जनावरासाठी काम करणारे औषध हवे आहे, आणि ते आहे.

मेलॉक्सिकॅम हे त्या औषधाचे नाव. गुरांच्या ताप-सुजेवर ते उपयोगी आहे आणि गिधाडांवर चाचण्या करून ते सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच दाखवून दिले गेले. टोल्फेनॅमिक आम्ल हा दुसरा सुरक्षित पर्याय. सुरुवातीला मेलॉक्सिकॅम महाग पडे, आता अनेक कंपन्या ते बनवतात. इंजेक्शन देणाऱ्याला कुपीवरचे नाव विचारणे, दुकानदाराने माणसांच्या छोट्या कुप्या डझनाने काढून दिल्या तर त्या नाकारणे, आणि आजारपणात वेदनाशामक टोचलेले जनावर आठवड्याच्या आत दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरणे, एवढे गोठ्याच्या पातळीवर होऊ शकते. साथीच्या रोगाने मेलेले जनावर तर पुरायचेच. कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी मढ्यावर विष टाकण्याचा प्रकार कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्यात गिधाडे आणि घारी नाहक जातात.

विष काढले की पुढचा प्रश्न अन्नाचा. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत टिकली, त्यात महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. संस्थेचे कार्यकर्ते गावोगावच्या लोकांशी बोलून सुरक्षित मृत जनावरे गिधाडांपर्यंत पोचवत राहिले आणि गावकऱ्यांनी घरट्यांची झाडे राखली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वन विभागाने आणि आदिवासी गावकऱ्यांनी कुंपण घालून गिधाडांची खानावळच उघडली. आसपास जनावर मेले की त्याला काय औषध दिले होते याची चौकशी होते आणि मगच ते तिथे नेले जाते. या दोन्ही ठिकाणी थोडीफार गिधाडे उरली होती, म्हणून काम उभे राहिले. धाराशिवला सुरुवात त्याच्याही आधीपासून करावी लागेल. आधी दुकाने आणि गोठे तपासायचे, मेलेल्या जनावरांचे नमुने घ्यायचे, आणि ते सलग काही वर्षे स्वच्छ निघाले तरच पक्षी सोडण्याचा विचार. पिंजोरला यंदा फुटलेल्या अंड्यातले पिल्लू स्वतः अंडे घालण्याच्या वयात येईल ते पाच वर्षांनी. तेवढाच वेळ या वर्तुळातल्या कुप्या बदलायला हाताशी आहे.